नॉर्वे देशाचा राजा ओलाफ

युरोप खंडाच्या अगदीं उत्तरेस नॉर्वे नांवाचा देश आहे. त्याचा पश्चिम किनारा समुद्रानें चिरून काढल्यासारखा दिसतो. दोहों बाजूंस उंच कडे, आणि मधून खाडीचें पाणी कोसच्या कोस आंत शिरलेलें. हिवाळ्यांत तेथें दिवस फार लहान असतो, व देशाच्या उत्तर भागांत तर कित्येक आठवडे सूर्य मुळींच उगवत नाहीं. शेतीजोगी जमीन थोडी, म्हणून तेथील लोक पूर्वीपासून दर्यावर्दी. हजार-बाराशें वर्षांपूर्वीं त्यांच्यांतील धाडसी पुरुष लांब व सडपातळ गलबतें घेऊन परदेशच्या किनाऱ्यांवर धाडी घालीत. त्यांस व्हायकिंग म्हणत. इ. स. ७९३ मध्यें इंग्लंडांतील लिंडिसफार्न बेटावरचा ख्रिस्ती मठ त्यांनीं लुटला, आणि तेव्हांपासून दोनशेंहून अधिक वर्षें समुद्रकांठच्या मंडळ्या त्यांच्या नांवानें कांपत असत. ओडिन, थोर, फ्रे इत्यादि देवांस ते भजत, घोडे बळी देत, व त्या बळीचें मांस सणाच्या मेजवानींत वाटून खात.

अशा लोकांत शुभवर्तमान कसें रुजलें, आणि तें रुजवूं पाहणाऱ्या एका राजाच्या हातून चांगलें काय झालें व वाईट काय झालें, हें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. त्या राजाचें नांव ओलाफ हाराल्डसन. त्याची हकीकत मुख्यत्वें आइसलँड बेटांतील स्नोरी स्टुर्लुसन या ग्रंथकारानें राजाच्या मरणानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं लिहून ठेविली. म्हणून तींतील कांहीं गोष्टी इतिहास आहेत, तर कांहीं आख्यायिका आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ओलाफच्या पूर्वीं दोन राजांनीं हें काम आरंभिलें होतें. पहिला हाकोन. तो लहानपणीं इंग्लंडच्या अथेल्स्टन राजाच्या घरीं वाढला व तेथेंच ख्रिस्ती झाला. मायदेशीं येऊन गादीवर बसल्यावर त्यानें लोकांस नवा धर्म घेण्याविषयीं विनविलें. परंतु ट्रोन्डेलाग प्रांतांतील शेतकऱ्यांनीं उलट त्यालाच आपल्या सणास बसवून बळीच्या घोड्याचें काळीज खावयास भाग पाडलें, अशी कथा आहे. इ. स. ९६१ च्या सुमारास तो लढाईंत जखमी होऊन मेला, व त्याच्या मित्रांनीं जुन्या रीतीनेंच त्यास मूठमाती दिली. दुसरा राजा ओलाफ ट्रिग्वासन. हाकोन जितका मऊ, तितका हा कठोर. बाप्तिस्मा घ्या, नाहीं तर लढावयास उभे राहा, असा त्याचा खाक्या होता. पांच वर्षें राज्य करून इ. स. १००० मध्यें समुद्रावरील लढाईंत तो पडला. त्याच्यामागून ज्यांच्या हातीं सत्ता आली त्यांनीं ज्याला जें रुचेल तें त्यानें पाळावें असें धोरण ठेविलें. त्यामुळें किनाऱ्यावर बरेच लोक नांवाचे ख्रिस्ती राहिले, आणि आंतल्या खोऱ्यांत जुनेंच चालू राहिलें.

आपला ओलाफ हा इ. स. ९९५ च्या सुमारास जन्मला. त्याचा बाप हाराल्ड ग्रेन्स्के हा एक लहानसा राजा. मुलाच्या जन्मापूर्वींच तो मारला गेला. आई आस्ता हिनें रिंगेरिके प्रांताचा राजा सिगुर्ड याच्याशीं पुनर्विवाह केला, आणि त्याच्याच घरीं ओलाफ वाढला. सिगुर्ड नांवाचा राजा, पण वृत्तीनें शेतकरी. पेरणी, कापणी, गुरेंढोरें या सर्वांवर तो स्वतः देखरेख करी. असें सांगतात कीं, एके दिवशीं त्यानें मुलास आपल्या घोड्यावर खोगीर घालावयास धाडलें. पोरानें गोठ्यांतील सर्वांत मोठ्या बोकडावर खोगीर चढविलें व तो आणून दारांत उभा केला. शेतकरी राजास हेंच वाहन शोभतें, असा त्या चेष्टेचा अर्थ. सिगुर्ड रागावला नाहीं. हा मुलगा आपल्यासारखा शांतपणें राहणारा नव्हे, इतकें मात्र त्यानें ओळखलें.

बाराव्या वर्षीं ओलाफ गलबत घेऊन समुद्रावर निघाला. बाल्टिक समुद्राच्या कांठीं व पुढें इंग्लंडांत त्यानें लूट केली, खंडणी घेतली, माणसें मारलीं. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पुढें फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडी प्रांतांत तो गेला, आणि तेथें रुआन शहरीं इ. स. १०१४ च्या सुमारास त्यानें बाप्तिस्मा घेतला. नॉर्मंडीचे सरदार हे शंभर वर्षांपूर्वीं तेथें येऊन वसलेल्या व्हायकिंगांचेच वंशज होते. ज्यांच्या पणजोबांनीं त्या देशांतील मंदिरें जाळलीं, तेच आतां मंदिरें बांधीत होते. ख्रिस्त आपल्यासारख्या लुटारूंच्या वंशासहि पालटूं शकतो, याचें उदाहरण त्या तरुणाच्या डोळ्यांपुढें उभें होतें.

इ. स. १०१५ मध्यें तो दोन गलबतें व थोडे लोक घेऊन नॉर्वेस परतला. पुढल्याच वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं नेसयार येथें समुद्रावर लढाई होऊन त्याचा जय झाला, व सुमारें एकविसाव्या वर्षीं तो देशाचा राजा झाला. पूर्वीं नॉर्वेंत लहान लहान राजे पुष्कळ होते. त्यांस मोडून ओलाफनें सर्व देश एका राज्याखालीं आणिला. त्यांतील पांच राजांनीं त्याच्याविरुद्ध कट केला, तेव्हां त्यानें त्यांस एका रात्रींत धरिलें, आणि एकाचे डोळे काढविले व दुसऱ्याची जीभ कापविली असें लिहिलें आहे. बाप्तिस्मा घेतलेला हात अद्याप व्हायकिंगाचाच होता.

तथापि त्याच हातानें कांहीं कामें अशीं केलीं कीं तीं टिकून राहिलीं. परतीच्या वेळीं त्यानें इंग्लंडांतून ग्रिमकेल, सिगुर्ड, रुडोल्फ व बर्नहार्ड या बिशपांस आपल्याबरोबर आणिलें. त्यांत ग्रिमकेल हा मुख्य. नॉर्वेंत थिंग नांवाची शेतकऱ्यांची मोठी पंचायत भरत असे. कायदा तींत ठरे, आणि राजालाहि तिची संमति घ्यावी लागे. इ. स. १०२४ च्या सुमारास मोस्टर बेटावर भरलेल्या अशाच एका पंचायतींत ओलाफ व ग्रिमकेल यांनीं ख्रिस्ती कायदा लोकांपुढें मांडिला व तो मान्य करून घेतला.

त्या कायद्यांतील कलमें पुढें पश्चिम नॉर्वेच्या गुलाटिंग पंचायतीच्या जुन्या ग्रंथांत उतरलीं. तीं पाहिलीं म्हणजे धर्म घरांत शिरतो तेव्हां काय पालटतें हें कळतें. नॉर्स लोकांत अशी चाल होती कीं, मूल जन्मल्यावर बापास तें पोसावयाचें नसेल तर त्यानें तें उघड्यावर टाकून द्यावें. दुष्काळांत व दारिद्र्यांत असें पुष्कळ होई. नव्या कायद्यानें, फार थोडे अपवाद ठेवून, ही चाल बंद केली. मूल वाढवावें व त्यास बाप्तिस्मा द्यावा, असें ठरलें. दर वर्षीं पंचायतीनें एका गुलामास मुक्त करावें, असेंहि ठरलें. ज्यांच्या व्यापारांत माणसें विकणें हा मोठा धंदा होता, त्यांच्या पंचायतीनें हें मान्य करावें ही लहान गोष्ट नव्हे. रविवारीं काम बंद ठेवावें, घोड्याचें मांस खाऊं नये, गांवोगांवच्या लोकांनीं प्रार्थनामंदिर राखावें, मेलेल्यांस मंदिराच्या भूमींत पुरावें, अशीं दुसरीं कलमें होतीं. सणांत देवांच्या नांवानें जें मद्य गाळीत, तें ख्रिस्ताच्या व मरियेच्या नांवानें गाळावें असेंहि एक कलम आहे. आजच्या मंडळीस तें विचित्र वाटेल. लोकांचा सण मोडवेना म्हणून बिशपांनीं त्याचें नांव तेवढें बदलिलें.

हे नियम राजा स्वतःसहि लागू करी, याची एक कथा प्रसिद्ध आहे. एके दिवशीं ओलाफ विचारांत गढून बसला होता, आणि हातांतल्या सुरीनें एक काठी तासीत होता. तो रविवार होता हें त्याच्या ध्यानांत नव्हतें. राजाची चूक काढावी कशी म्हणून जवळच्या सेवकानें, उद्यां सोमवार आहे, एवढेंच हळूच सुचविलें. राजानें खालीं पाहिलें, सर्व ढलप्या गोळा केल्या, आपल्या तळहातावर ठेवून पेटविल्या, व त्या जळून जाईपर्यंत हात हालविला नाहीं. आपल्या शुभवर्तमानांत अशी शिक्षा कोठेंहि सांगितलेली नाहीं. पण कायदा मोठ्यांसहि आहे, हें त्या काळच्या लोकांस यावरून समजलें.

आतां दुसरी बाजू. देशाच्या मध्यभागीं गुडब्रान्ड्सडाल नांवाचें लांब खोरें आहे. तेथें गुडब्रान्ड नांवाचा पाटील जवळजवळ राजासारखाच नांदत असे. कथेंत सांगितलें आहे कीं, तेथें थोर देवाची आंतून पोकळ अशी मोठी मूर्ति होती. तिला सोन्यारुप्यानें मढविलें होतें, व रोज चार भाकरी आणि मांस यांचा नैवेद्य दाखवीत. ओलाफ सैन्यासह तेथें गेला, आणि भेटीच्या आदल्या रात्रीं आपल्या माणसांकडून त्यानें शेतकऱ्यांच्या होड्यांस भोंकें पाडविलीं व त्यांचे घोडे सोडून देवविले. सकाळीं गांवकऱ्यांनीं मूर्ति सभेंत आणिली. सूर्य उगवतांच राजानें सर्वांस पूर्वेकडे पाहावयास सांगितलें. तेवढ्यांत कोलबेन नांवाच्या त्याच्या माणसानें मूर्तीवर असा सोटा हाणला कीं तिचे तुकडे झाले, आणि आंतून नैवेद्यावर पोसलेले मांजराएवढाले उंदीर, पाली व साप बाहेर पडले. लोक भिऊन पळाले, तों होड्या पाण्यानें भरलेल्या आणि घोडे नाहींसे झालेले. मग राजानें त्यांस दोन मार्ग ठेविले, बाप्तिस्मा किंवा लढाई. गुडब्रान्डानें बाप्तिस्मा घेतला.

ही कथा ऐकून पुष्कळांस आनंद वाटतो. मूर्ति आपलें रक्षण करूं शकली नाहीं, हें खरेंच. पण ज्यांच्या होड्या आधींच फोडल्या होत्या, त्यांनीं मनापासून काय निवडलें हें कोणीं सांगावें?

आणखी एक गोष्ट आहे, तिचा शेवट अधिक कडू आहे. ट्रोन्डेलागमध्यें मेरे नांवाचें जुनें देवस्थान होतें. तेथील लोकांनीं बाप्तिस्मा घेतला होता, परंतु ते गुपचूप पूर्वीचे सण करीत. ओल्व्हिर नांवाचा मोठा शेतकरी त्यांचा पुढारी. सुमारें इ. स. १०२१ मध्यें राजानें सणाच्या वेळीं एकाएकीं छापा घातला व ओल्व्हिरास ठार मारविलें. त्याची विधवा सिग्रिड हिचा विवाह राजानें आपला विश्वासू सरदार काल्व्ह आर्नेसन याच्याशीं लावून दिला, आणि ओल्व्हिराची शेतीवाडी त्यास दिली. सिग्रिडेचे दोन मुलगे मोठे झाल्यावर तेहि राजाच्या रोषास बळी पडले. त्या आईच्या घरांत बसून काल्व्ह किती दिवस राजनिष्ठ राहणार? तो हळूहळू राजाच्या शत्रूंकडे वळला.

शत्रू पुष्कळ झाले होते. ओलाफ गुन्हेगार मोठा कीं लहान हें पाहत नसे, याचाहि मोठ्या घराण्यांस राग होता. डेन्मार्क व इंग्लंड यांचा राजा क्नूट यानें हें ओळखून नॉर्वेच्या सरदारांस चांदी वाटली. क्नूट स्वतः ख्रिस्ती होता, हें विसरूं नये. इ. स. १०२८ मध्यें तो आरमार घेऊन आला तेव्हां ओलाफसाठीं कोणी लढावयास उठेना. राजा बायकामुलांसह स्वीडन देशांत गेला व तेथून रशियांत नोव्हगोरोद येथील राजा यारोस्लाव्ह याच्या आश्रयास राहिला.

दोन वर्षांनीं तो परत निघाला. डोंगर ओलांडून ट्रोन्डेलागमध्यें उतरल्यावर स्टिकलेस्टाड या गांवीं शेतकऱ्यांचें सैन्य त्याला आडवें आलें. तें त्याच्या सैन्याहून पुष्कळ मोठें होतें, आणि त्याच्या नायकांत काल्व्ह होता. त्या शेतकऱ्यांत पुष्कळ जण बाप्तिस्मा घेतलेले होते, व त्यांस धीर देणारा एक बिशपहि त्यांच्या बाजूस होता. लढाईच्या आधीं ओलाफनें एका शेतकऱ्याजवळ चांदी दिली, व ती मंदिरांस आणि गोरगरिबांस द्यावी असें सांगितलें. कोणासाठीं, असें विचारल्यावर त्यानें उत्तर दिलें कीं, आपल्या विरुद्ध लढून जे मरतील त्यांच्या आत्म्यांसाठीं. मेलेल्यांसाठीं दान देण्याची ती चाल आपण मानीत नाहीं. परंतु ज्यानें कित्येकांचे डोळे काढविले, तो आज आपल्या मारेकऱ्यांचें हित चिंतीत होता. वनवासाच्या दोन वर्षांत त्याच्या अंतःकरणांत कांहीं तरी पालटलें होतें असें यावरून दिसतें.

इ. स. १०३० च्या जुलै महिन्याच्या २९ व्या तारखेस ती लढाई झाली. ओलाफच्या पायावर कुऱ्हाडीचा घाव बसला. तोरे हुंड नांवाच्या सरदारानें त्यास भाला मारिला. तिसरा घाव मानेवर बसला, आणि तो काल्व्हचा होता असें कित्येक म्हणतात. राजाचें वय तेव्हां सुमारें पस्तीस वर्षांचें होतें.

क्नूटचा मुलगा स्वेन व त्याची आई एल्फगिफू यांनीं देशाचा कारभार हातीं घेतला. कर वाढले, आणि एका डेनिश माणसाची साक्ष दहा नॉर्वेकरांच्या साक्षीहून मोठी धरावी असा नियम झाला. लोकांस पश्चात्ताप होऊं लागला. पुढल्या वर्षीं बिशप ग्रिमकेलनें राजाचा देह उकरून निडारोस येथील मंदिरांत ठेविला. तें शहर आज ट्रोन्हेम या नांवानें ओळखलें जातें. लोक ओलाफास संत मानूं लागले, व त्याच्या कबरेजवळ झालेल्या चमत्कारांच्या कथा पसरल्या. त्या देहासाठीं पुढें चांदीची मोठी पेटी घडविली होती. इ. स. १५३७ मध्यें नॉर्वेंत धर्मसुधारणा झाली तेव्हां ती डेन्मार्कास नेऊन वितळविली. आपला भरंवसा कबरेवर व हाडांवर नाहीं, म्हणून त्या कथांत येथें शिरत नाहीं.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट काल्व्हची आहे. क्नूटनें त्याला दिलेलीं वचनें पाळलीं नाहींत. ओलाफचा मुलगा माग्नुस रशियांतच राहिला होता. त्यास परत आणण्यास जे गेले त्यांत हाच काल्व्ह होता. इ. स. १०३५ मध्यें सुमारें अकरा वर्षांचा माग्नुस राजा झाला. पण मोठा होतां होतां बापाच्या मारेकऱ्यांचा सूड घेण्याची इच्छा त्याच्या मनांत शिरली. काल्व्ह देश सोडून पळाला, कित्येकांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि शेतकरी पुन्हां शस्त्रें शोधूं लागले. तेव्हां सिग्वाट नांवाचा कवि, जो ओलाफचा जिवलग मित्र होता, त्यानें तरुण राजापुढें स्पष्टोक्तीचें काव्य म्हणून दाखविलें. प्रजेस दिलेला शब्द मोडूं नये, लोकांचें मन आपल्यापासून दूर जात आहे, असा त्याचा आशय होता. माग्नुसनें तें ऐकिलें, सूड थांबविला, व कायदा लेखी करविला. पुढें लोक त्यास माग्नुस सज्जन असें म्हणूं लागले. ओल्व्हिराच्या खुनापासून जी सांखळी सुरू झाली होती ती तरवारीनें तुटली नाहीं. सूड घेण्याचें सामर्थ्य असतां ज्यानें हात आवरला, त्यानें ती तोडिली.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कुली बेटावर एक दगड सांपडला आहे. त्यावर क्रूस कोरलेला असून जुन्या रून लिपींत थोडा मजकूर आहे. नॉर्वेंत ख्रिस्ती धर्म येऊन बारा हिवाळे झाले, असा त्याचा अर्थ विद्वान लावितात. तो दगड कोणी राजानें उभारिला नाहीं. दोन साध्या माणसांचीं नांवें त्यावर आहेत. ज्यांनीं आपलीं वर्षें त्या दिवसापासून मोजावयास आरंभ केला, त्यांच्या घरांत धर्म खरोखर शिरला होता. टाकून दिलेलें मूल पोसणारी आई, मुक्त झालेला गुलाम, बर्फांतून वाडीवाडीस जाऊन शिकविणारा परदेशी उपदेशक, यांचीं नांवें कोणत्याहि कथेंत आलेलीं नाहींत. परंतु पुढल्या नऊशें वर्षांचा पाया त्यांनीं घातला. गेथशेमानी बागेंत प्रभूनें पेत्राची तरवार म्यानांत घालविली. ओलाफास तें समजावयास सारा जन्म लागला.

खेडोपाडीं काम करणाऱ्या बंधूंनो, या चरित्रांतील एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. त्याच गुडब्रान्ड्सडाल खोऱ्याच्या तोंडाशीं फोबर्ग म्हणून ठिकाण आहे. तेथें इ. स. १८४० मध्यें लार्स ऑल्सेन स्क्रेफ्सरूड जन्मले. ते व डेन्मार्कचे हान्स पीटर बॉरेसन यांनीं इ. स. १८६७ मध्यें संथाळ लोकांच्या मुलखांत बेनागरिया येथें मिशन स्थापिलें. एक ओलाफच्या देशाचे, दुसरे क्नूटच्या देशाचे, आणि दोघेहि एका कामांत भागीदार. स्क्रेफ्सरूड संथाळांमध्यें राहिले, त्यांची भाषा त्यांच्याच तोंडून शिकले, व इ. स. १८७३ मध्यें तिचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. ज्या खोऱ्यांत शुभवर्तमान होड्यांस भोंकें पाडून आलें, त्याच खोऱ्यांतून आठशें वर्षांनीं तें शब्द शिकत शिकत बाहेर पडलें. ज्या घरीं आपण उद्यां जाणार आहों, तेथें यांपैकीं कोणत्या रीतीनें जावें हें प्रत्येकानें देवापुढें ठरवावें.